पायाच्या जखमेला औषधाचे ठिबक

दौंड तालुक्याच्या ऊसपट्ट्यात शेतीची वीज अनेकदा रात्रीची असते. बॅटरी घेऊन शेतकरी दारे मोडायला निघतो. चिखलात चप्पल रुतते, म्हणून ती बांधावरच काढून ठेवतो. वाटेत खोडव्याचे धारदार बुडखे असतात, बाभळीचे काटे असतात. ज्याचा मधुमेह दहा-बारा वर्षांचा जुना आहे, त्याला काटा रुतल्याचे कळतच नाही. सकाळी पाय धुताना घरच्यांना रक्त दिसते. 'दुखत तर काही नाही' म्हणून जखमेत हळद भरली जाते आणि तो पुन्हा रानात जातो. आठ दिवसांनी बोट सुजते, मग वास येऊ लागतो, मग ताप येतो. त्यानंतर एसटी धरून तालुक्याचे सरकारी रुग्णालय गाठले जाते.

ही एका माणसाची हकिगत नाही. दौंडला ऊस आणि गुऱ्हाळे, शिरूरला घोड नदीकाठची शेती आणि रांजणगावची कारखानदारी. दोन्हीकडे दिवसभर पायांवर उभे राहणारी माणसे आहेत. अशा तालुक्यांतल्या सरकारी रुग्णालयात पायाची चिघळलेली जखम घेऊन येणारा मधुमेही हा नेहमीचा रुग्ण. त्याचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : 'बोट वाचेल का?' आता त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. मोबाइलवर बातमी दाखवून रुग्णाचा मुलगा विचारतो, 'हे जेल लावल्यावर जखम भरते म्हणतात, ते आपल्याकडे मिळते का?'

प्रश्न रास्त आहे. औषध आपल्यात साठवून ते हळूहळू जखमेत सोडणाऱ्या हायड्रोजेलवर सध्या जगभर, आणि पुण्यातही, संशोधन होत आहे. त्यातले खरे किती, वापरात आलेले किती आणि अजून प्रयोगशाळेत असलेले किती, हे समजून घेणे गरजेचे आहे. नाहीतर नव्या जेलची वाट पाहण्यात हातातले आठ दिवस निघून जातात.

पायच का चिघळतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार केवळ शहरी, स्थूल माणसांचा आहे, हा समज पुणे जिल्ह्यातल्याच संशोधनाने मोडून काढला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पण आपल्या किरकोळ दिसणाऱ्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक अंगाचा शेतकरीही मधुमेही का असतो, याचे एक उत्तर इथे मिळते. याच केईएमचे शिरूर तालुक्यातल्या वढू येथे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी तिथे उभे केलेले काम देशभर नावाजले गेले.

मधुमेह पायावर तीन बाजूंनी हल्ला करतो. पहिली बाजू मज्जातंतूंची. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. दुसरी बाजू रक्तवाहिन्यांची. गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होतात आणि बोटांना रक्त कमी पोचते. तिसरी बाजू प्रतिकारशक्तीची. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. मधुमेही व्यक्तीच्या पायाला आयुष्यात कधीतरी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. अशा जखमांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये जंतुसंसर्ग होतो. प्रश्न फक्त पायाचा नाही. घोट्याच्या वर पाय कापावा लागलेल्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांत दगावतात, असे अनेक देशांतल्या आकडेवारीवरून दिसते.

टेलला न पोचणारे पाणी

मग गोळ्या-इंजेक्शने आहेतच की, असे वाटणे साहजिक आहे. अडचण पोचण्याची आहे. खडकवासल्याचे आवर्तन सुटले आणि कालवा भरून वाहिला, तरी टेलच्या चारीला पाणी येईलच असे नाही, हे दौंडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. प्रतिजैविकांचेही तसेच होते. इंजेक्शनमधून औषध रक्तात जाते, पण बोटाकडे जाणारी धमनीच चोंदलेली असेल तर जखमेत ते पुरेशा प्रमाणात उतरत नाही. उतरावे म्हणून मात्रा वाढवावी, तर मूत्रपिंड आडवे येते. जुन्या मधुमेहात मूत्रपिंड आधीच कमजोर असते आणि जेंटामायसिनसारखी औषधे त्यालाच इजा करतात.

दुसरा अडथळा जंतूंनी स्वतः उभारलेला असतो. जुन्या जखमेत जंतू सुटे राहत नाहीत. ते एकत्र येऊन स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. रांजणाच्या आतल्या बाजूला धरणारे बुळबुळीत शेवाळ आठवावे. नुसते पाणी ओतून ते निघत नाही, घासावेच लागते. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आतल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागते. भारतातल्या रुग्णांच्या जखमांत स्युडोमोनास, ई. कोलाय, क्लेबसिएला हे जंतू वारंवार सापडतात आणि त्यांतले बरेच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

म्हणजे औषध जखमेतच, भरपूर प्रमाणात आणि सतत हवे. बाकीच्या शरीरात मात्र कमीत कमी. साधे मलम लावले तर काही तासांत ते पुसले जाते किंवा स्रावाबरोबर वाहून जाते. मोकाट पाणी द्यायचे की ठिबक बसवायचे, असाच हा प्रश्न आहे. हायड्रोजेल हे जखमेचे ठिबक आहे.

सब्जा, भेंडी आणि काँटॅक्ट लेन्स

नाव परके वाटले तरी हायड्रोजेल आपल्या स्वयंपाकघरात आहे. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जो पारदर्शक गोळा तयार होतो, ते हायड्रोजेलच. भेंडीची तार आणि कोरफडीचा गर हेही त्याच कुळातले. लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. वजनाचा बहुतांश भाग पाण्याचा असूनही ते वाहून जात नाही.

वैद्यकात त्याचा प्रवेश प्रागमध्ये झाला. ऑटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये शरीराला सोसेल अशा पाणीदार जेलविषयी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच एक यंत्र तयार केले आणि त्यावर मऊ काँटॅक्ट लेन्स ओतल्या. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगातून दाखवले की ओलसर ठेवलेली जखम उघडी टाकून वाळवलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते. 'जखमेला हवा लागू द्या, खपली धरू द्या' या जुन्या समजाला तो मोठा धक्का होता. जखमेवर पाणीदार जेल ठेवण्याची कल्पना या पायावर उभी राहिली.

पुण्याचाही या विषयाशी जुना संबंध आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मातीतली ओल धरून ठेवणारे 'जलशक्ती' नावाचे पाणीशोषक पॉलिमर १९८० च्या दशकात विकसित झाले होते. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी तिथेच तापमानानुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या आणि तुटल्यावर पुन्हा सांधणाऱ्या जेलवर मूलभूत संशोधन केले. दुष्काळी रानात ओल टिकवणे आणि जखमेत औषध टिकवणे, दोन्हींच्या मुळाशी रेणूंचे तेच जाळे आहे.

औषध नेमके कसे सुटते?

जेल तयार करताना त्यात औषध मिसळले की ते जाळ्याच्या छिद्रांत अडकते आणि तिथून झिरपत बाहेर येते. जाळे दाट विणले तर औषध सावकाश येते, विरळ ठेवले तर लवकर. जाळ्यासाठी कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसॅन, समुद्री शेवाळातले अल्जिनेट, जिलेटिन असे पदार्थ वापरतात. कायटोसॅन स्वतःही काही प्रमाणात जंतूंना रोखते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे गरज ओळखून औषध सोडणारे जेल. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तर जुनी संसर्गित जखम बहुधा अल्कधर्मी होते. या फरकामुळे सैल होणारे जाळे विणले, तर संसर्ग असेल तिथेच औषध जास्त सुटते. काही जेलमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवतात. ते जखमेतली जादा साखर तोडून तिचे आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. जंतूंना पोसणाऱ्या साखरेतूनच जंतुनाशक तयार होते. आणखी काही जेल खोलीच्या तापमानाला द्रव असतात आणि अंगाच्या उबेने घट्ट होतात. जखमेच्या वाकड्यातिकड्या पोकळीत ती सिरिंजने भरता येतात. कागदावर आणि उंदरांवर हे सारे फार सुंदर चालते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे जंतुनाशक जेल विकसित केले. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या कणांचा आकार ७ ते २० नॅनोमीटर होता. भाजलेल्या जखमांवर नेहमी लावल्या जाणाऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तुलनेत या जेलमध्ये चांदीचे प्रमाण ३० पटींनी कमी होते, तरी जंतूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत तुल्यबळ दिसला. औषधांना दाद न देणारे जंतूही त्याला बळी पडले. मात्र हे काम मुख्यतः भाजलेल्या जखमा डोळ्यांपुढे ठेवून झाले होते. रक्तपुरवठा तुटलेल्या मधुमेही पायाची परीक्षा त्याहून कठीण असते.

अपयशही सांगायला हवे

ही परीक्षा किती कठीण आहे, याचे उत्तम उदाहरण बेडकाचे आहे. आफ्रिकेतला नखाळ बेडूक शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्यात ठेवला तरी त्याच्या जखमा सहसा चिघळत नाहीत, हे मायकेल झॅसलॉफ या अमेरिकी संशोधकाच्या लक्षात आले. १९८७ मध्ये त्यांनी त्या बेडकाच्या कातडीतून जंतुनाशक पेप्टाइड शोधले. त्यावरून पेक्सिगानान नावाचे मलम तयार झाले आणि ते मधुमेही पायाच्या संसर्गावर वापरून पाहिले गेले. १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ मध्ये त्याही फसल्या. औषध नसलेल्या मलमापेक्षा ते सरस ठरले नाही. जेंटामायसिन भरलेल्या कोलॅजेनच्या स्पंजचीही त्याच सुमारास तीच गत झाली.

यशाची उदाहरणेही मर्यादित आहेत. पेशींच्या वाढीला चालना देणारे बेकाप्लर्मिन जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले. भारतात भारत बायोटेकने अशाच धर्तीचे, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर असलेले जेल बाजारात आणले. पण अशी जेल स्वच्छ, रक्तपुरवठा चांगला असलेल्या जखमेसाठी असतात; पू भरलेल्या जखमेसाठी नव्हेत. औषध नसलेल्या साध्या हायड्रोजेलचा आढावा 'कॉक्रन' या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. साध्या ड्रेसिंगपेक्षा हायड्रोजेलने उथळ जखमा अधिक भरल्याचे त्यात दिसले, पण मूळ अभ्यासांच्या दर्जाविषयी शंका नोंदवलेली आहे. मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर संसर्गावर पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांच्या जोडीला जखमेवर लावायची प्रतिजैविके वापरू नयेत, असेच सुचवले आहे.

उंदरांत चालणारे माणसांत का चालत नाही? उंदराची सैल कातडी जखमेच्या कडा आत ओढून ती बंद करते. माणसाची जखम तळातून भरत वर यावी लागते. प्रयोगातल्या उंदराचा मधुमेह काही आठवड्यांचा असतो, शेतकऱ्याचा पंधरा वर्षांचा. शिवाय उंदीर जखमेवर साठ-सत्तर किलो वजन टाकून दारे मोडायला जात नाही.

जेलच्या आधीची चार कामे

म्हणूनच जखमेच्या उपचारात जेलचा क्रमांक पाचवा येतो. पहिले काम मेलेला भाग कापून काढण्याचे आणि पू मोकळा करण्याचे. बायोफिल्म घासून काढल्याशिवाय कोणतेही औषध आत उतरत नाही. दुसरे काम रक्तपुरवठा तपासण्याचे. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी हाताला लागत नसेल, तर डॉपलर तपासणी आणि गरज पडल्यास धमनी मोकळी करण्याचा विचार करावा लागतो. तिसरे काम भार काढण्याचे. जखम तळव्यावर असेल तर तिच्यावर पाऊल टाकणे बंद झाले पाहिजे. त्यासाठी प्लास्टर किंवा खास पादत्राण लागते. चौथे काम रक्तातली साखर आटोक्यात आणणे आणि जंतूंच्या तपासणीनुसार योग्य प्रतिजैविक पुरेसे दिवस देणे. ही चार कामे न करता महागडे जेल लावणे म्हणजे तण न काढता खत टाकण्यासारखे आहे.

मेडिकल दुकानात मिळणारी साधी हायड्रोजेलची ट्यूबही सगळ्या जखमांना चालत नाही. कोरड्या, पिवळट-काळपट थर धरलेल्या जखमेला ती ओल देते आणि थर मऊ करते. पण खूप पाणी किंवा पू येणाऱ्या जखमेवर तीच लावली तर भोवतीची कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम रुंदावते. रक्तपुरवठा नसलेले, वाळलेले काळे बोट तर घरच्या घरी ओले करूच नये. त्यातून कोरड्या गँगरीनचे ओल्या गँगरीनमध्ये रूपांतर होऊ शकते.

तरीही तालुक्याच्या पातळीवर औषधी जेलकडे आशेने पाहण्याचे एक साधे कारण आहे. रोजच्या ड्रेसिंगसाठी गावाहून दौंड किंवा शिरूरला येणे म्हणजे रुग्णाचा रोजगार बुडतो आणि सोबत आणणाऱ्याचाही. पाच-सहा दिवसांनी फेऱ्या थांबतात आणि जखम पुन्हा घरच्या हळदीवर जाते. स्वच्छ केलेल्या जखमेत तीन-चार दिवस औषध झिरपत ठेवणारे जेल हाती आले, तर फेऱ्या कमी होतील आणि उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढेल. पण त्यासाठी जेल स्वस्त असले पाहिजे आणि उन्हाळ्यात भारनियमनातही टिकले पाहिजे. बेकाप्लर्मिनसारखी जेल फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. गावात ते जमेलच असे नाही. प्रयोगशाळेतल्या जेलची खरी कसोटी वरवंडच्या मे महिन्यात लागेल.

रोजची दोन मिनिटे

तोवर पाय वाचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नजर. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय, तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी पाहावे किंवा आरसा जमिनीवर ठेवावा. बधिरपणा ओळखण्याची एक सोपी पद्धत इंग्लंडच्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी रूढ केली. रुग्णाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचे नाही, ठोकायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

रानात पाण्याला जाताना गमबूट घालावेत आणि घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. पाय शेकू नयेत, गरम पाण्यात बुडवू नयेत. बधिर पायाला चटका कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये. जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुऊन कोरडे, स्वच्छ कापड बांधावे. हळद, चुना, तंबाखू, राख किंवा झाडपाला त्यात भरू नये. जखमेभोवती लाली पसरत असेल, वास येत असेल, बोट काळे पडत असेल, ताप आला असेल किंवा साखर अचानक वाढली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दुखत नसले तरी.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामाला येते, तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी करणारे लोक बसलेले दिसतात. आलेल्याचा पाय मांडीवर घ्यायचा, धुवायचा, उजेडात बघायचा. घरातल्या मधुमेही माणसाचा पाय असाच रोज रात्री कुणीतरी हातात घेऊन पाहिला, तर अनेक बोटे कोणत्याही जेलविना वाचतील.